सेंट अँड्र्यूजला पुन्हा पैसे घालावेत का? (उत्तर जरा लांबलंय)

सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवरची (स्कॉटलंडमधलं ते जुनं गोल्फचं मैदान) तुमची पोस्ट काल रात्री बायकोला मोठ्याने वाचून दाखवली. ती म्हणाली, "अहो, हे तुम्हीच लिहिलंय का?" सपाट माळरान, झाड नावाला नाही, दिवसातला सगळ्यात चांगला ड्राइव्ह (लांबचा पहिला फटका) बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, १०९ स्कोअर (गोल्फमध्ये जितका कमी तितका बरा) आणि वर एवढे पौंड! २०१६ साली मी परत आलो तेव्हा अगदी हेच बडबडत होतो, फक्त स्कोअर ११२ होता. आता लेक डंडीला शिकतेय म्हणून पुढच्या उन्हाळ्यात तुमचं पुन्हा जाणं होणार, तेव्हा ओल्ड कोर्सच खेळावा की ते पैसे दुसरीकडे लावावेत, असं तुम्ही विचारलंय.

खेळा. पण आधी माझी फजिती ऐका.

(मी कोच नाही, कोर्स आखणारा तर नाहीच. १९ हँडिकॅपचा, म्हणजे ठरलेल्यापेक्षा साधारण १९ फटके जास्त घेणारा, निवृत्त बँकवाला आहे. पटलं तर घ्या.)

बॅलट (खेळायची वेळ मिळवायची सोडत), हँडिकॅपचा पुरावा, वाऱ्यासाठी जाकीट हे सगळं तुम्ही एकदा केलंयत, ते सोडून देतो. माझी गाडी त्याच्याही आधी घसरली. एका सहल कंपनीने "ओल्ड कोर्स निश्चित" म्हणून पैसे घेतले आणि दिवस दिला रविवारचा. ओल्ड कोर्स रविवारी बंद असतो, हे गोल्फच्या सहली विकणाऱ्याला ठाऊक नसावं? फोन केला तर "सर, सिस्टिममध्ये कन्फर्म दिसतंय." तीनदा फोन, तीनदा तेच वाक्य. पैसे आजतागायत आलेले नाहीत. असो. ती जखम उघडली की रक्तदाब वाढतो.

पण खरं नुकसान त्या कंपनीने नाही केलं, मी केलं. रविवारी तिथे खेळ बंद असतो, माणसं नाही. गावातले लोक कुत्री घेऊन, मुलं घेऊन त्या फेअरवेवरून (खेळायच्या हिरव्या पट्ट्यावरून) फिरतात, कोणी अडवत नाही. मी मात्र दिवसभर हॉटेलच्या खोलीत चडफडत ईमेल लिहीत बसलो. मंगळवारसाठी बॅलटमध्ये नाव लागलं आणि मी कोर्स न बघताच पहिल्या टीवर (जिथून पहिला फटका मारतात तिथे) उभा राहिलो. रविवारी दोन तास नुसता चाललो असतो, तर पुढचं निम्मं टळलं असतं.

आता पाचव्या होलची गोष्ट. अंतर मोजायचा नवा लेझर घेतला होता, भोकातल्या झेंड्यावर धरला की थरथरतो तसला. तिसऱ्या शॉटला लेझर धरला, थरथरला, आकडा आला. कॅडी (बॅग उचलणारा, वाट दाखवणारा) हाताने उजवीकडे दाखवत काहीतरी म्हणाला. त्याच्या स्कॉटिश इंग्रजीतले मला दहातले चार शब्द कळत होते, आणि हातात यंत्र असताना माणसाचं कोण ऐकतो! शॉट असा बसला की पुण्यात असतो तर पार्टी मागितली असती. चेंडू झेंड्यापासून दहा फुटांवर. पण तो झेंडा लाल होता. जाताना पांढरे झेंडे आणि येताना लाल (अठराव्याचा तेवढा पांढरा), हे मी वाचलं होतं आणि विसरलो होतो. ते ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक गवताची जागा, पाचव्याचं आणि तेराव्याचं मिळून एक आहे, एकराच्या आसपास पसरलेलं. माझा झेंडा पंचावन्न पावलं उजवीकडे, मधे दोन उंचवटे. चार पट (चेंडू जमिनीवरून ढकलायचे फटके) लागले. कॅडी हसला नाही, ते जास्त लागलं.

अशी जोडग्रीनं तिथे सात आहेत आणि प्रत्येक जोडीची बेरीज १८ येते: २ नि १६, ५ नि १३, ८ नि १०. फक्त १, ९, १७ आणि १८ यांना स्वतःचं ग्रीन आहे. पूर्वी एकाच अरुंद पट्ट्यातून जायचं आणि त्याच भोकांवर खेळत परत यायचं अशी पद्धत होती. १७६४ मध्ये २२ होलची १८ झाली, पुढे पट्टा आणि ग्रीनं रुंदावली. म्हणजे हा कोर्स कोणी एकाने कागदावर आखलाच नाही. आपण पायवाटेला विचारतोय की तुझा इंजिनिअर कोण.

बाराव्याबद्दल तुम्ही जे चिडून लिहिलंय ना, "टीवरून एकही बंकर दिसत नव्हता, चेंडू मधोमध गेला आणि तरी बंकरमध्ये", तिथे मी पुरता तुमच्या बाजूचा होतो. हा अन्यायच, असं मी क्लबात वर्षभर सांगत फिरलो. दुसऱ्या खेपेला, २०१९ मध्ये, रविवारी चालत गेलो. बाराव्याच्या ग्रीनजवळ उभा राहून मागे टीकडे बघितलं तर सगळे बंकर तोंड उघडून माझ्याकडेच बघत होते! पूर्वी कोर्स उलट्या दिशेनेही खेळत असत, तेव्हा ते समोर दिसायचे. दिशा बदलली, बंकर तिथेच राहिले. दडवून ठेवायला कोणी ते खणलेच नव्हते. तरीही पहिल्यांदा येणाऱ्यावर अन्याय होतोच, हे माझं मत कायम आहे. फक्त आता तो मला आवडतो.

आपली अडचण अशी की आपण झाडीत खेळून मोठे झालो. दिल्लीचा लोदी कोर्स खेळला असाल तर कळेल. दोन्ही बाजूंना झुडपांची भिंत, चेंडू गेला की गेला. तिथे प्रश्न एकच, सरळ मारता येतं का? ओल्ड कोर्सवर फेअरवे एवढे रुंद की सरळ-वाकडं फारसं कोणी विचारत नाही, कुठल्या बाजूने आलात ते विचारतात. डावीकडे मारा, जागा भरपूर, चेंडू हरवायचा नाही, आणि पुढच्या शॉटला ग्रीनच्या आड काहीतरी येतंच. सतराव्यावर उजवीकडून, हॉटेलच्या शेडवरून मारायचं धाडस केलं तर ग्रीन जरा मोकळं मिळतं. सुरक्षित म्हणून डावीकडे गेलात की रोड बंकर मधे. १९७८ च्या ओपनमध्ये (ब्रिटिश ओपन ही मोठी स्पर्धा) जपानचा नाकाजिमा ग्रीनवर पोचला होता, त्याचा पट घरंगळून त्या बंकरात गेला आणि होलवर ९ झाले. २०२२ मध्ये कॅमेरॉन स्मिथने शेवटच्या दिवशी त्याच बंकरला वळसा घालून पटरने (पट मारायच्या काठीने) चेंडू ग्रीनवर नेला, पार, म्हणजे होलला ठरलेले फटके, वाचवला आणि स्पर्धा जिंकली. टायगर वूड्स २००० साली चार दिवसांत ११२ पैकी एकाही बंकरात गेला नाही. त्याची सर आपल्याला येणार नाही, पण स्मिथचा पटर आपल्याही बॅगेत आहे.

म्हणून कळकळीने सांगतो, ग्रीनपासून तीस-चाळीस यार्डांवर सँड वेज (चेंडू उंच उडवायची काठी) काढू नका. जमीन वाळूची, गवत बारीक, खाली टणक. आपल्याकडच्या मऊ गवतात वेज चेंडूखाली सरकते, तिथे ती आपटून उसळते आणि चेंडू ग्रीनपार जातो. मी पहिल्या खेपेला हे नऊ वेळा केलं. नऊ! कॅडी दर वेळी पटर पुढे करायचा आणि मला वाटायचं, हा मला नवशिका समजतोय.

आपण दोघेच असे नाही, बरं का. अमेरिकेचा बॉबी जोन्स १९२१ च्या ओपनमध्ये, वय १९, अकराव्या होलच्या बंकरात एवढा वैतागला की चेंडू उचलून स्पर्धेतून बाहेर पडला. १९२७ मध्ये त्याच कोर्सवर ओपन जिंकला. पुढे कोर्स आखणाऱ्या अॅलिस्टर मॅकेंझीबरोबर त्याने अमेरिकेत ऑगस्टा हा कोर्स उभा केला, त्यातल्या रुंद फेअरवेंचं मूळ इथलंच. १९२४ मध्ये ओल्ड कोर्सचा नकाशा काढणारा मॅकेंझी तो हाच. तो नकाशा नेटवर सापडतो, जाण्याआधी घरी बसून नीट बघा. माझ्या लेझरपेक्षा जास्त उपयोगी आहे.

पैशाचं म्हणाल तर ओल्ड एकदाच खेळा आणि शेजारचा न्यू कोर्स जोडीला घ्या. नावाने न्यू, पण १८९५ चा आहे, ओल्ड टॉम मॉरिसचा. माझ्या मते आपल्यासारख्यांना तो आधी खेळलेला बरा, म्हणजे जमिनीची सवय होते. (हे न पटणारे इथे बरेच आहेत, येतीलच आता भांडायला.) बॅलटला निदान दोघे लागतात, तेव्हा जोडीदार आधी बघून ठेवा. नियम मधूनमधून बदलतात, त्यामुळे तिकडच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः वाचा, माझ्यावर विसंबू नका आणि एजंटवर तर मुळीच नको. शिवाय गावात रेल्वे स्टेशन नाही, ल्युकर्सला उतरून बस घ्यावी लागते. तुम्ही डंडीहूनच जाणार असाल तर हा प्रश्नच नाही.

आणि वहिनी आणि लेक बरोबर असतील तर त्यांना हिमालयाजवर न्या. कोर्सला लागून नुसतं पटिंगचं मैदान आहे, १८६७ पासून बायकांच्या क्लबचं. उंचवटे असे की नाव सार्थ आहे, आणि थोडक्या पैशांत कोणीही खेळू शकतं. २०१९ मध्ये मी ओल्डवर १०३ केले म्हणून खुशीत होतो. संध्याकाळी हिला तिथे घेऊन गेलो. आयुष्यात पहिल्यांदा पटर धरला होता तिने, आणि मला सात स्ट्रोकने हरवलं. घरी पाहुणे आले की ओल्ड कोर्सचा विषय मी काढतो, हिमालयाजचा ती.