‘प्री-सर्टिफाइड गोल्ड’ म्हणजे घर खरंच ग्रीन असतं का?

तुम्ही विचारलंय की फ्लॅटच्या माहितीपत्रकावर ‘आयजीबीसी प्री-सर्टिफाइड गोल्ड’ छापलंय, त्याचा अर्थ काय. आयजीबीसी म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल, पाणी-वीज वाचवणाऱ्या, पर्यावरणपूरक म्हणजेच ‘ग्रीन’ इमारतींना गुण देऊन प्रमाणपत्र देणारी संस्था. अर्थ एवढाच की नकाशे आणि आराखडे तपासून मिळालेली ती आधीची पावती आहे. खरं प्रमाणपत्र बांधकाम पूर्ण झाल्यावर, बिलं, फोटो, चाचण्यांचे अहवाल पाहून मिळतं. मधल्या काळात सोलर पॅनेल गळाले, काच स्वस्तातली लागली, तर गुणही गळतात. म्हणून ताबा घेताना अंतिम प्रमाणपत्र मागाच, संकोच करू नका.

पद्धत साधारण अशी: काही अटी सक्तीच्या, उदाहरणार्थ पावसाचं पाणी जिरवणं किंवा साठवणं, कचरा वेगळा करणं. त्या पाळल्या नाहीत तर पुढचे गुण मोजतच नाहीत. बाकी गुण पाणी, वीज, साहित्य, उजेड-वारा यांवर, आणि बेरजेवरून सर्टिफाइड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. ‘टेरी’ या ऊर्जा-पर्यावरणावर काम करणाऱ्या संशोधन संस्थेने केंद्र सरकारसोबत आणलेल्या ‘गृह’ या दुसऱ्या मानांकनात हेच एक ते पाच ताऱ्यांत मिळतं.

माझ्या मते सॅम्पल फ्लॅटमध्ये दुपारी तीनला जावं. दिवे बंद करायला सांगा. पश्चिमेच्या खिडकीवर सज्जा आहे का, ऊन थेट पलंगावर येतं का, समोरासमोर खिडक्या उघडल्यावर वारा फिरतो का, बघा. तीस वर्षं विजेचं बिल तुम्ही भरणार आहात. आणि पिंपरी-चिंचवडला घेत असाल तर ‘गृह’ मानांकनावर मालमत्ता करात सवलत आहे, तीही विचारून घ्या.