कोलेस्टेरॉल नॉर्मल, बीपी नाही, तंबाखू नाही, तरी आईच्या पायात रक्ताची गुठळी कशी झाली?

तुम्ही लिहिलंय की आई न्यू जर्सीला भावाकडे राहून बडोद्याला परत आल्या, आठवडाभरात डावी पोटरी सुजली आणि डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) डीव्हीटी, म्हणजे पायाच्या खोल शिरेतली गुठळी निघाली. बाकी रिपोर्ट चांगले. मग हे ‘रिस्क फॅक्टर’, म्हणजे आजाराचा धोका वाढवणाऱ्या गोष्टी, नुसतं थोतांड आहे का, असा तुमचा प्रश्न. मी डॉक्टर नाही. बडोद्यातच आरोग्य सर्वेक्षणांत घरोघर माहिती गोळा करायचं आणि मग त्या आकड्यांशी झटायचं काम बरीच वर्षं केलं, त्या बळावर लिहितोय.

थोतांड नाही. आई ज्या पेपरात पास झाल्या तो पेपर हृदयाचा होता, आणि दुखणं आलं शिरेचं.

बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट ही यादी मुख्यतः अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातून आली. १९४८ साली तिथल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद करून त्यांना दर दोन वर्षांनी तपासायला सुरुवात झाली. पुढे कुणाला हार्ट अटॅक आला आणि त्यांच्या जुन्या नोंदींत काय वेगळं होतं, एवढंच पाहायचं. ‘रिस्क फॅक्टर’ हा शब्द १९६१च्या सुमारास याच कामातून रूढ झाला. हृदयाच्या धमनीत भिंतीवर चरबीचा थर साठतो, तो फाटतो आणि त्यावर गुठळी धरते. पोटरीच्या शिरेत असा थर नसतो. तिथे रक्त रेंगाळतं, किंवा काही कारणाने पटकन गोठायच्या बेतात असतं.

ही दोन दुखणी किती वेगळी, हे ‘लाइट’ नावाच्या अभ्यासात छान दिसलं. हृदयविकाराच्या अभ्यासासाठी आधीच नोंदवलेली दोन गटांतली मिळून २१,६८० माणसं घेतली आणि त्यांच्यात शिरांतल्या गुठळ्या मोजल्या. वय, लठ्ठपणा, मधुमेह यांचा संबंध दिसला. बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांचा ठळक संबंध दिसला नाही. (नंतरच्या मोठ्या अभ्यासांत सिगारेटचा थोडा हात दिसला, पण हृदयविकारात असतो तेवढा नाही.) म्हणजे शिरेची यादी निराळी: वय, वजन, ऑपरेशन, प्लास्टर, कॅन्सर, गर्भारपण, गर्भनिरोधक गोळ्या, बरेच दिवस अंथरुणाला खिळणं. आणि लांबचा प्रवास.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रवासाच्या अभ्यासाचे निष्कर्ष जाहीर केले. चार तासांहून जास्त एका जागी बसून प्रवास केला की धोका साधारण दुप्पट होतो, मग ते विमान असो, बस असो की ट्रेन. पेपरवाले इथेच थांबतात, कारण ‘दुप्पट’ने मथळा होतो. पण कशाच्या दुप्पट? धडधाकट माणसाला अशा एका प्रवासामागे धोका सुमारे सहा हजारांत एक. त्याच अभ्यासात १.९ मीटरहून उंच आणि १.६ मीटरहून बुटक्या माणसांना धोका जास्त दिसला. बुटक्यांचे पाय विमानात जमिनीला नीट टेकत नाहीत, सीटची कड गुडघ्यामागे दाबते, असा त्यामागचा अंदाज आहे. आता मला सांगा, आपल्यापैकी किती जणांच्या आया सव्वापाच फुटांच्या वर आहेत?

तरीही विमानावर सगळं ढकलून मोकळे होऊ नका. गुठळी झालेल्या माणसाला विचारलं की विमान हमखास आठवतं. गुडघेदुखीने दोन आठवडे पलंगावर काढले, तापात लोळून होते, हे आठवत नाही. म्हणूनच आजार व्हायच्या आधी नोंद केलेले अभ्यास जास्त भरवशाचे. आईंना नीट विचारा: गेल्या तीन महिन्यांत आजारपण, इस्पितळ, एखादं इंजेक्शन-गोळ्यांचा कोर्स? हे डॉक्टरांना सांगणं सहप्रवाशांची नावं सांगण्यापेक्षा उपयोगी.

माहिती काढणं किती नाजूक असतं ते दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांत शिकलो. बीपी घ्यायच्या आधी पाच मिनिटं गप्प बसवायचं, पाय जमिनीवर, पाठ टेकलेली. काकूंना गप्प बसवणं हेच कामातलं सगळ्यात अवघड काम. त्यात चहा येतो. तीन वेळा मोजायचं, पहिला आकडा सोडायचा, उरलेल्या दोघांची सरासरी. कंबर मोजताना टेप लागला रे लागला की प्रत्येक जण पोट आत घेतो. ‘श्वास सोडा, काका’ म्हणून वाट पाहायची. आणि तंबाखू. ‘खाता का?’ विचारलं की चटकन ‘नाही हो’. ‘दात कशाने घासता?’ विचारलं की ‘बजरने’. बजर म्हणजे तंबाखूच. पहिल्या प्रश्नावर थांबलात तर त्या बाईंच्या नावापुढे कायमचं ‘तंबाखू नाही’ पडतं. तुम्ही आईंच्या बाबतीत लिहिलेला ‘नाही’ कुठल्या प्रश्नावर आलाय, तेही पाहून घ्या.

एक गोष्ट मला खटकते. या याद्या बहुतेक परदेशी लोकांवरून बनल्या. रक्त गोठण्याचा ‘फॅक्टर फाइव्ह लायडन’ हा जनुकदोष युरोपीय वंशाच्या सुमारे पाच टक्के लोकांत असतो, आपल्याकडे बराच विरळा. गुठळी झाली की लगेच महागड्या जनुक तपासणीसाठी धावायची हौस मला म्हणूनच पटत नाही. डॉक्टरांनी कारण देऊन सांगितलं तर गोष्ट वेगळी. उलट हृदयाच्या बाबतीत आपण गाफील राहण्यासारखे मुळीच नाही. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३व्या वर्षी आला, इतरांना ५९च्या आसपास. तेव्हा आईंचे रिपोर्ट चांगले आहेत याचा आनंद माना, तो वाया गेलेला नाही. आणि तुमचं स्वतःचं बीपी शेवटचं कधी मोजलं?

आता आईंचं. रक्त पातळ करायची गोळी सूज उतरली म्हणून परस्पर बंद करू नका, किती महिने घ्यायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. अचानक धाप लागली, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं तर उद्यावर न टाकता तडक इस्पितळ गाठा, गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. पुढच्या अमेरिकावारीआधी डॉक्टरांना भेटा. पोटरी दाबून धरणारे खास मोजे घालायचे की औषध, ते त्यांनीच ठरवावं. शेजारणीच्या सांगण्यावरून अॅस्पिरिन सुरू करू नका. तिकीट काढताना मात्र खिडकीची हौस सोडून पॅसेजची सीट घ्या, म्हणजे उठताना कुणाची मिनतवारी करावी लागणार नाही.