विचारलंच नाही, तरी 'हो' धरायचं का?

प्रश्न : नमस्कार सिस्टर, मी नाशिकला बीएससी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या आठवड्यात वर्गात अवयवदानावर चर्चा झाली, विषय असा की आपल्याकडे गृहीत संमती आणावी का, म्हणजे ज्याने जिवंतपणी नको असं नोंदवलेलं नाही त्याचा होकारच आहे असं धरायचं. अवयवदान हवं का म्हटल्यावर सगळ्यांचे हात वर, गृहीत संमती म्हटल्यावर निम्मेपण नाहीत, मीपण नाही केला. मैत्रीण म्हणाली, नर्स होणार तू आणि तूच मागे हटतेस? माझं चुकलं का? आणि खरं सांगू का, मी स्वतःचा अवयवदानाचा फॉर्मपण भरलेला नाहीये, आईजवळ विषय कसा काढू तेच कळत नाही.
– एक विद्यार्थिनी, इंदिरानगर

उत्तर : अगं काही चुकलं नाही तुझं. बाहेरच्या देशांतल्या मेडिकल-नर्सिंगच्या मुलांमध्येपण हेच दिसतं, दानाला हो म्हणणारे भरपूर आणि स्वतः फॉर्म भरलेले त्या मानाने कमी. मी आयसीयूत 22 वर्षं काढलीत आणि माझंही मत तुझ्यासारखंच आहे, आपल्याकडे आत्ता तरी हा कायदा नको.

सुरगाण्याचा नाहीतर पेठचा एखादा माणूस गाडीवरून पडतो, 108 त्याला सिव्हिलला आणते. 'नाही' कुठे नोंदवायचं असतं हे त्याला कोणी कधी सांगितलं होतं? ज्याला प्रश्नच माहीत नाही त्याच्या गप्प बसण्याला होकार कसा म्हणायचा? ब्राझीलने 1997 ला असा कायदा केला, लोक इतके धास्तावले की ओळखपत्रावर 'दाता नाही' असं लिहून घ्यायला लागले, आणि 1998 ला तो मागे घ्यावा लागला. स्पेनचं उदाहरण सगळे देतात, तिथे कायदा 1979 पासून आहे पण घरच्यांना आजही विचारतातच, आणि आकडे वाढले ते 1989 नंतर, हॉस्पिटलांमध्ये कोऑर्डिनेटर, म्हणजे घरच्यांशी दानाबद्दल बोलायचं ट्रेनिंग घेतलेली माणसं, नेमली तेव्हा.

आपला अवयवदानाचा 1994 चा कायदा संमती मागणारा आहे, आणि 2011 च्या दुरुस्तीने आयसीयूत ब्रेन डेड, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेला आणि श्वास फक्त मशीनवर चालणारा पेशंट असेल तर नातेवाईकांना विचारणं बंधनकारकच केलंय. तरी 2023 मध्ये देशात 18 हजारांवर ट्रान्सप्लांट झाले आणि मरणोत्तर दाते जेमतेम 1100. बाकी किडनी-लिव्हर कोणाचं? घरातल्याच कोणाचं तरी, बहुतेक वेळा आईचं नाहीतर बायकोचं. डायलिसिसला आठवड्यातून तीनदा येणारे पेशंट मी वर्षानुवर्षं बघितलेत, त्यामुळे गृहीत संमतीचा कायदा नको म्हणताना मला बरं वाटत नाही, पण अडतं ते वेगळ्याच ठिकाणी.

अडतं ते आपल्या बोलण्यात. हायवेच्या ॲक्सिडेंटमधला एक मुलगा होता, ब्रेन डेथच्या दोन्ही टेस्ट झालेल्या, सहा तासांच्या अंतराने, चार डॉक्टरांच्या सह्या झालेल्या, आणि मी त्याच्या भावाला म्हणाले, "आता फक्त मशीनवर ठेवलंय." तो म्हणाला, "म्हणजे जिवंत आहे ना?" हात गरम, छाती वरखाली होतेय, मॉनिटरवर ठोके दिसतायत, त्याने दुसरं काय समजायचं गं? त्यांनी नकार दिला आणि तो माझ्या त्या एका वाक्यामुळे दिला असं मला आजही वाटतं. नंतर मी शब्द बदलले, "ते गेलेत, श्वास मशीन देतंय, मशीन काढून बघितलं तेव्हा त्यांनी स्वतःहून एकही श्वास घेतला नाही." एवढं बोलून गप्प बसायचं, त्यांना रडू द्यायचं, दानाचा विषय त्यानंतर कोऑर्डिनेटरबरोबर बसून काढायचा. आणि कोणी विचारलंच तर सांगायचं की ट्रान्सप्लांट करणाऱ्या टीमचा डॉक्टर त्या चार सह्यांमध्ये नसतो. तुमच्या वर्गात चर्चा ठेवली ते छानच, पण हे बोलायचं कसं त्याची प्रॅक्टिस कोणी घेतली का? घेतली नसेल तर मॅडमना जाऊन सांग, रोल प्ले ठेवा म्हणून.

आता आईचं. फॉर्म नोट्टोच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या अवयवदानाच्या संस्थेच्या साइटवर आधार नंबरने भरता येतो, पण भरून गप्प बसलीस तर काही उपयोग नाही, कारण वेळ आली की शेवटी विचारतात घरच्यांनाच. आईला भीती कशाची वाटते ते आधी ऐकून घे. बॉडी नीट शिवून परत देतात, चेहरा तसाच राहतो, अंत्यविधी, रामकुंडावरचे दिवस सगळं करता येतं, अवयव काढण्याचा खर्च घरच्यांवर पडत नाही, हे तिला माहीत नसेल. पुढच्या जन्मी डोळे नसतील तर, असंही म्हणेल कदाचित, तिथे वाद घालू नकोस, माझ्या सासूबाई पण म्हणायच्या.

आणि फक्त स्वतःचं सांगू नकोस, तिला काय हवंय तेपण विचार. माणूस गेल्यावर दानाची संमती देतात त्या फॉर्म 8 वर जवळच्या नातेवाईकाची सही लागते, आणि तिच्यासाठी ती सही करायची वेळ तुझ्यावरच येऊ शकते.