‘सगळं दिलं, तरी माणसं मनापासून काम करत नाहीत’

“पगार वेळेवर होतो, रजा अडवत नाही, बोनसही दिला. तरी सांगितलं तेवढंच करतात. यांच्यात उत्साह आणायचा तरी कसा?” मी समुपदेशक आहे, आणि टीम सांभाळणाऱ्यांचा हा प्रश्न माझ्याकडे इतक्या तोंडांतून आलाय, की आता पहिल्या वाक्यालाच पुढचं ऐकू येतं. गंमत म्हणजे ही मंडळी टीमची तक्रार घेऊन येत नाहीत. येतात ती झोप लागत नाही म्हणून, चिडचिड वाढली म्हणून. टीमचा विषय मागाहून निघतो.

असेच एक गृहस्थ. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) विभागात सगळ्यांत चोख काम यांचं, म्हणून विभागप्रमुख झालेले. ॲसिडिटीच्या गोळ्या सुरू झाल्यावर डॉक्टरांनीच माझ्याकडे पाठवलं होतं.

“त्यांना काही पडलेलीच नाही, मॅडम. मी ‘महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी’ सुरू केलं. त्याचाही उपयोग नाही.”

“निवड कशी करता?”

“कोणी नाराज नको म्हणून आळीपाळीने.”

मी हसू आवरलं. त्यांच्या टीमला ते आवरत असेल असं वाटत नाही.

‘त्यांना पडलेलीच नाही’ हे वाक्य मी फार वेळ चघळू देत नाही. माणसाच्या स्वभावावर चर्चा सुरू झाली की तास संपतो आणि हाती काही लागत नाही. मी एकच काम विचारते, अगदी अलीकडचं. “शेवटचा रिपोर्ट कोणाला दिला होतात? तो बाहेर जाईपर्यंत काय काय झालं, क्रमाने सांगा.”

एका तरुण सहकाऱ्याला दिला होता. त्याने मुदतीच्या आदल्या दिवशीच आणून दिला. “ठीक होता,” म्हणाले. मग रात्री घरी जेवण झाल्यावर यांनी लॅपटॉप उघडला. मुद्द्यांचा क्रम बदलला, दोन तक्ते काढून टाकले, शेवटचं पान नव्याने लिहिलं आणि साडेबाराला वरिष्ठांना मेल केला.

“त्याला सांगितलंत, काय बदललं आणि का?”

“त्यात काय सांगायचं? मेलमध्ये त्याला कॉपी ठेवलं होतं की.”

“त्याचं पुढचं काम कसं आलं?”

“अर्धवट. तेच तर सांगतोय...” आणि ते थांबले. बराच वेळ टेबलाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “त्याला ठाऊक आहे, रात्री मी ते परत करणारच आहे.”

अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडायचं नसतं. हे वाक्य मी त्यांना पहिल्याच भेटीत ऐकवू शकले असते. त्यांनी मान डोलावली असती आणि त्या रात्रीही लॅपटॉप उघडला असता. माणूस आपल्या तोंडाने बोलतो तेव्हाच ते त्याचं होतं, यावर माझा पक्का विश्वास आहे, आणि तो गप्प राहण्याचा अवधी साधता येतो याचा थोडा अभिमानही.

माझा कल कोणीकडे आहे, हे एव्हाना कळलंच असेल. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे 200 अभियंते आणि लेखापालांना विचारलं होतं: कामावर फार समाधान कधी वाटलं, आणि फार वाईट कधी? 1959 साली त्याचे निष्कर्ष आले. वाईट वाटण्याच्या आठवणींत कंपनीचे नियम, वरिष्ठांची वागणूक, पगार पुढे होते. समाधानाच्या आठवणींत काही तडीस नेल्याचा आनंद, त्याची दखल, जबाबदारी. म्हणजे पहिली यादी सुधारली तर कुरकुर कमी होईल, पण उमेद येईलच असं नाही. यावर आक्षेपही आहे: माणूस यशाचं श्रेय स्वतःला देतो आणि अपयशाचं खापर परिस्थितीवर फोडतो, तेव्हा उत्तरं अशी यायचीच. आक्षेप रास्त आहे. तरी समोर बसलेल्यांची गाठ सोडवताना ही मांडणी मला उपयोगी पडते.

बक्षिसांबद्दल मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांचा 1971 मधला प्रयोग मी आवर्जून सांगते. कोडी सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना मध्ये पैसे दिले गेले. पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळेत त्यांचं कोड्यांकडे वळणं कमी झालं. यावरून ‘पगाराचं महत्त्व नाही’ असा अर्थ मात्र काढू नका. पगार अपुरा किंवा अन्यायाचा असेल तर आधी तो नीट करा. तिथे समुपदेशन चालत नाही.

त्या गृहस्थांशी ठरलं ते इतकंच: दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही. शेरे लिहून परत द्यायचं, सुधारणा त्यानेच करायची आणि वरिष्ठांना मेल त्याच्या नावाने जायचा. पहिले काही आठवडे वाईट गेले. एक चूक वरपर्यंत पोचली, तेव्हा त्यांचा फोन आला.

“मी केलं असतं तर अर्ध्या तासात झालं असतं.”

“झालं असतं. पुढच्या वेळचंही तुम्हीच केलं असतं.”

तुमचीही हीच तक्रार असेल तर गेल्या महिन्यातली तीन कामं आठवून बघा. निर्णय कोणाचा होता? बदल कोणी केले, आणि ते कामाच्या माणसाला कळले का? कौतुक करताना ‘छान’ म्हणून सोडू नका. ‘तो तक्ता वर घेतलात म्हणून मुद्दा लगेच कळला’ असं सांगा. नवख्याला मात्र एकदम मोकळं सोडू नका, त्याला ते वाऱ्यावर सोडल्यासारखं वाटतं. त्याच्याशी आधी कामाचा टप्पा ठरवा, मग तेवढ्या टप्प्यात मोकळीक द्या.

आणि सगळं करूनही एखादा हलत नाही, असं होतं. या टीममध्येही एक होता. त्याला आडून टोमणे मारण्याऐवजी त्यांनी समोर बसवून विचारलं, तेव्हा कळलं की आकड्यांचं काम त्याला मुळातच नको होतं. ग्राहकांशी बोलण्याच्या विभागात त्याची बदली झाली. त्याच्या जागी माणूस मिळायला मात्र पुढचे दोन महिने गेले, आणि तेवढे दिवस त्याचं काम बाकीच्यांनी वाटून घेतलं.