स्टीव्हियाला दिवा लावताना

ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये स्टीव्हिया, म्हणजे साखरेसारख्या गोड पानांचं झाड लावताय, छान! दिवा किती वॅटचा घेऊ, असं विचारलंत. पण वॅटच्या आधी तास आणि रंग बघा.

स्टीव्हिया मूळची पॅराग्वेकडची. दिवस साधारण 13 तासांपेक्षा लहान झाला की ती फुलोऱ्यावर येते. आपल्याकडे जूनमधला मोठ्यात मोठा दिवसही जेमतेम सव्वातेरा तासांचा, म्हणजे इथे ती जवळपास वर्षभर फुलायलाच बघते. आणि फुलोरा आला की पानांतली गोडी उतरते. म्हणून टायमर लावा, सूर्यप्रकाश धरून 16 तास उजेड मिळू दे. संध्याकाळचा दिवा मंद असला तरी चालतो, झाडाला दिवस लांब वाटला पाहिजे.

नुसता लाल दिवा मात्र घेऊ नका. पेरं लांबतात, खोड काडीसारखं उंच जाऊन कलतं. सोबत निळा असला की झाड आटोपशीर राहतं. माझं मत विचाराल तर सरळ पांढरा फुल स्पेक्ट्रम (सगळ्या रंगांचा उजेड देणारा) एलईडी घ्या. त्यात दोन्ही रंग असतात, शिवाय पानामागचा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, वेळेवर दिसतो. लाल-निळ्या दिव्याच्या जांभळ्या उजेडात तो हमखास नजरेतून सुटतो.

पावसाळ्यात आभाळ भरलं की दिवसाही दिवा चालू ठेवा. शेंड्यावर बारीक कळ्या दिसल्या तर त्याच दिवशी शेंडा खुडा.