कुकींची कातडी तोफ फाटायची नाही का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. मणिपूरच्या डोंगरांतल्या कुकी जमातीच्या लोकांनी खरंच कातड्याच्या तोफा केल्या होत्या का, आणि केल्या असतील तर पहिल्याच बाराला त्या फाटायच्या नाहीत का?

केल्या होत्या, नक्कीच. 1917 ते 1919 च्या इंग्रज-कुकी युद्धात त्या मणिपूरच्या डोंगरांत वापरल्या गेल्या. कुकी त्यांना 'पुम्पी' म्हणतात.

आता फाटण्याचं. चामडं म्हटलं की आपल्याला चपलेचं मऊ, कमावलेलं चामडं आठवतं. इथे होतं म्हशीचं जाड कातडं, गच्च गुंडाळून केलेली नळी आणि बत्ती द्यायला तिला पाडलेला कान. पखवाजाला वादी चढवताना पाहिली असेल, तर कातडं किती ताण सोसतं हे तुमच्या लगेच लक्षात येईल. तरीही ती पितळी तोफ नव्हेच, बहुधा एका बाराचीच धनीण. पण एकच बार हवा होता, हे समजून घेतल्याशिवाय पुम्पी कळत नाही.

डोंगरातल्या पाऊलवाटेने इंग्रजांचे शिपाई आणि हमाल एकामागे एक चालत यायचे. वाटेवर तोंड करून तोफ झाडाला बांधलेली. नेम धरायचा प्रश्नच नाही, वळण नीट निवडलं की झालं. दारू कुकी स्वतःच बनवत. दगड आणि धातूचे तुकडे ठासलेला एक बार रांगेवर पडला की गोंधळ उडे, तेवढ्यात कुकी रानात पसार. धातूची तोफ असती तर ती उचलून नेण्यातच माणसं अडकली असती. पुम्पी मागे राहिली तरी गेलं काय, एक कातडं! मला यातली अक्कल फार मोठी वाटते.

हे सगळं पेटलं ते इंग्रजांनी पहिल्या महायुद्धासाठी फ्रान्सला पाठवायला मजूर मागितल्यामुळे. कुकी प्रमुखांनी साफ नकार दिला. 17 ऑक्टोबर 1917 ला त्यांच्यातलेच एक प्रमुख ङुल्खुप यांचं लोन्पी गाव इंग्रजांनी जाळलं आणि लढाई पेटली. पहिल्या हिवाळ्यात ती आटोपली नाही, दुसऱ्या हिवाळ्यात आसाम आणि ब्रह्मदेश अशा दोन्ही बाजूंनी मोठी फौज उतरवावी लागली. शेवटी प्रमुखांना आसामातल्या सदियाला आणि ब्रह्मदेशातल्या तौंग्यीला कैदेत नेऊन ठेवलं.

आणि 'कातडी बंदूक' म्हणू नका. खांद्यावरच्या बंदुका जुन्या, तोंडाने ठासायच्या, लोखंडी नळीच्याच होत्या. कातड्याची ती फक्त तोफ.