साठच्या खालचा आकडा

चि. स अनेक आशीर्वाद.

तुझा आलेख काल रात्री दोनदा पाहिला. खोलीच्या तापमानाला ४१ मिलिव्होल्ट प्रति डिकेड, म्हणजे ट्रान्झिस्टरचा प्रवाह दहापट बदलायला गेटवर फक्त ४१ मिलिव्होल्ट! तुझा आनंद मला कळतो, म्हणूनच लगेच लिहायला बसलो. पेपर इतक्यात पाठवू नकोस.

साध्या मॉसफेटमध्ये, म्हणजे गेटच्या व्होल्टेजने चालू-बंद होणाऱ्या नेहमीच्या ट्रान्झिस्टरमध्ये, प्रवाह दहापट कमी करायला गेटवर निदान ६० मिलिव्होल्ट लागतात. ही मर्यादा कारागिरीची नाही, उष्णतेची आहे: ३०० केल्विनला केटी बाय क्यू (उष्णतेच्या ऊर्जेचं व्होल्टेजमधलं माप) सुमारे २६ मिलिव्होल्ट, गुणिले २.३ (दहाचा नैसर्गिक लॉगरिदम). ती ओलांडताच येत नाही असं नाही. इलेक्ट्रॉन अडथळ्याच्या आरपार जातात त्या टनेल ट्रान्झिस्टरमध्ये येते; २००८ साली सलाहुद्दीन आणि दत्ता यांनी फेरोइलेक्ट्रिक (स्वतःचं विद्युत ध्रुवीकरण टिकवणाऱ्या पदार्थाच्या) गेटची वाट सुचवली. पण तुझ्या डिव्हाइसमध्ये यातलं काहीच नाही. मग आकडा आला कुठून?

गेट व्होल्टेज तू फक्त वर नेताना मोजलंस. आता त्याच पायऱ्यांनी खाली आण. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या नाहीत, तर गेटखालच्या ऑक्साइडच्या थराच्या कडेला अडकलेला चार्ज फसवतोय असं समज. प्रत्येक बिंदूवर जास्त थांबून पुन्हा मोज. गेटचं लीकेज, म्हणजे गेटमधून गळणारा प्रवाह, त्याच आलेखावर काढ. ड्रेनचा, म्हणजे ट्रान्झिस्टरमधून वाहणारा मुख्य, प्रवाह जिथे पिकोअँपिअरमध्ये उतरतो तिथे हे फार महत्त्वाचं. आणि हा उतार किती डिकेड टिकतो? दोन बिंदूंवरून काढलेल्या उतारावर मी विश्वास ठेवणार नाही. प्रोब स्टेशनच्या मायक्रोस्कोपचा दिवाही बंद कर. एका विचित्र प्रवाहामागे माझे तीन आठवडे गेले होते. दिवा मालवला आणि प्रवाहही गेला.

दुसऱ्या वर्षाचा तास संशोधनाचा वेळ खातो, असं लिहिलंस. मला ते पटत नाही. याच आठवड्यात फळ्यावर डायोडचं समीकरण लिही आणि प्रवाह दहापट करायला किती व्होल्टेज वाढवावं लागतं ते मुलांना काढू दे. आदर्श डायोडला साठच येतील. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारेल, "थंड केलं तर?" उत्तर सांगायची घाई करू नकोस, त्यांनाच काढू दे. ७७ केल्विनला साधारण १५ येतात.

आणि तीच तुझी पुढची मोजणी. डिव्हाइस द्रव नायट्रोजनपर्यंत थंड कर, मधली चार-पाच तापमानं घे, उतार तापमानाच्या प्रमाणात घटतो का बघ. कच्च्या फायली मला पाठव, दोन्ही दिशांच्या, स्मूदिंग न केलेल्या.